सेवाकार्यासाठी लहान ब्लूटूथ स्पीकर कोणता घ्यावा?

प्रश्न (शरणपूर, नाशिक):
आम्ही पेठ व सुरगाणा तालुक्यांतील पाड्यांवर जाऊन पंचवीस-तीस जणांना शुभवर्तमानाची ध्वनिमुद्रणे, भजने आणि कधी लघुपट दाखवतो. विजेचा भरवसा नसताना, पिशवीत मावेल असा कोणता स्पीकर घ्यावा?

पहिला प्रतिसाद:
केवळ वॅटच्या आकड्यावर जाऊ नये, कारण वॅट दुप्पट झाले तरी आवाज साधारण ३ डेसिबलनेच (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे एकक), म्हणजे थोडाच वाढतो. आपल्याला बोललेला शब्द स्पष्ट हवा आहे; म्हणून दुकानात गाणे न लावता वाचनाचे ध्वनिमुद्रण लावून, दहा-बारा पावले मागे उभे राहून ऐकावे. महात्मा गांधी रोडवरचा गोंगाट या परीक्षेला उपयोगीच पडेल!

दुसरा प्रतिसाद:
मेमरी कार्ड चालणारा स्पीकर घ्यावा, म्हणजे फोनची बॅटरी वाचते. पावसाळ्यात जाणार असाल, तर आयपीएक्स ७ हा पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा पाहावा. १ मीटर पाण्यात ३० मिनिटे राहूनही असा स्पीकर टिकणे अपेक्षित असते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. लघुपटासाठी ब्लूटूथ चालेल का?

पहिला प्रतिसाद:
चालेल, परंतु फोन व स्पीकरच्या काही जोड्यांत आवाज चित्रामागे रेंगाळतो. ऑक्स केबलची (फोन आणि स्पीकर थेट जोडणाऱ्या तारेची) सोय असलेला स्पीकर घेतल्यास ही अडचण राहत नाही.