व्हीसेंटर बसलं की नेटवर्कला हातच लावता येत नाही, मदत हवी आहे

अंबडची_सर्व्हरवाली:
नमस्कार मंडळी, अंबड एमआयडीसीत एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत आयटी बघते, म्हणजे सर्व्हरपासून गेटवरच्या प्रिंटरपर्यंत सगळं मीच. सेटअप छोटाच आहे. ईएसएक्सआय ७ चे ३ होस्ट (म्हणजे व्हीएम, आभासी मशीन, चालवणारे सर्व्हर), एक शेअर्ड स्टोरेज, प्रत्येक होस्टला २ नेटवर्क पोर्ट आणि दोन्ही डिस्ट्रिब्युटेड स्विचला (सगळ्या होस्टवर पसरलेला, व्हीसेंटरमधून आखायचा सॉफ्टवेअर स्विच) दिलेले. या सगळ्यांना सांभाळणारं व्हीसेंटर हीसुद्धा एक व्हीएमच, त्याच क्लस्टरवर (याच तीन होस्टच्या गटावर) आणि त्याच स्विचवर. (हे टाईप करतानाच लक्षात येतंय घोळ कुठे आहे ते.)

बुधवारी लाईट गेली, यूपीएसने मान टाकली, जनरेटर लागेपर्यंत सगळं आडवं. होस्ट वर आले, एचएने (बंद पडलेल्या व्हीएम परत चालू करणारी सोय) ईआरपी, टॅली, डोमेन सगळं आपोआप उठवलं, फक्त व्हीसेंटर उठेना, डेटाबेस बिघडलेला. बॅकअप होता म्हणून मी निर्धास्त होते, लॅपटॉपवरून रिस्टोअर लावला, होस्टचा आयपी दिला, आणि नेटवर्क निवडायच्या पानावर आले तर यादी रिकामी! आमचा एकही पोर्टग्रुप (स्विचवरचा व्हीएम जोडायचा गट) तिथे दिसेना. शेवटी होस्टच्या शेलमध्ये जाऊन डिस्ट्रिब्युटेड स्विचचा एक अपलिंक (होस्टचा बाहेर जाणारा नेटवर्क पोर्ट) सोडवला, त्याच्यावर साधा, त्या एका होस्टपुरता स्टँडर्ड स्विच बनवला, तरी पिंग येईना, अर्धा तास केबली हलवल्या आणि मग आठवलं की ट्रंक पोर्ट आहे (एकाच केबलवर अनेक व्हीलॅन, म्हणजे वेगवेगळी आभासी नेटवर्क) तर व्हीलॅन नंबर टाकायला हवा ना. चार वाजता व्हीसेंटर आलं. या सगळ्या वेळात डिस्पॅच चालू, गाड्या जात होत्या, त्यामुळे साहेब म्हणाले सगळं चालू होतं तर तू दिवसभर सर्व्हर रूममध्ये काय करत होतीस.

आता प्रश्न असा की परत हे होऊ नये म्हणून काय करू? आमचे सिनियर म्हणतात डिस्ट्रिब्युटेड काढून टाक, सगळं स्टँडर्डवर आण. व्हेंडरकडचा मुलगा म्हणतो सगळे पोर्टग्रुप इफेमेरल (तात्पुरत्या पोर्टचे) कर. मला दोन्ही पटत नाहीये पण का ते सांगता येत नाहीये.

गोदाकाठचा_केबलवाला:
ताई, दोघंही टोकाचं सांगतायत. तुमच्या गाड्या का जात होत्या ते आधी बघा. व्हीसेंटर फक्त स्विचची आखणी ठेवतं, पॅकेट त्याच्यातून जात नाहीत. प्रत्येक होस्टकडे त्या आखणीची स्वतःची कॉपी असते, शिवाय व्हीएम ज्या डेटास्टोअरवर आहे तिथे एका लपलेल्या फोल्डरमध्ये तिच्या पोर्टची माहिती असते, म्हणून एचएने दुसऱ्या होस्टवर उठवली तरी नेटवर्क मिळतं. म्हणजे तुमचा स्विच त्या दिवशी नीटच वागला.

अडतं ते नवीन जोडणीला. स्टॅटिक बाइंडिंगमध्ये (व्हीएमला पोर्ट कायमचा नेमून देणं) पोर्ट वाटून देणारा व्हीसेंटर, आणि तोच मेलेला. म्हणून इन्स्टॉलर स्टॅटिकवाले पोर्टग्रुप यादीत दाखवतच नाही. इफेमेरलमध्ये व्हीएम चालू होताना होस्ट स्वतः पोर्ट बनवतो, व्हीसेंटरला विचारत नाही. तर मॅनेजमेंटच्या व्हीलॅनवर एक, फक्त एकच, इफेमेरल पोर्टग्रुप आत्ताच बनवून ठेवा, कारण तो बनवायलाही व्हीसेंटर लागतं. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

सगळे का नाही करायचे, तर व्हीएम बंद झाली की तो पोर्ट गायब, त्याच्यावरची परवानगी आणि आकडेवारीही गेली, आणि होस्टचं लॉगिन असलेला कोणीही तिथे मशीन चिकटवू शकतो. बाकी सगळं स्टॅटिकच ठेवा.

बाय द वे एलएसीपी (दोन केबली बांधून एक लिंक करणारा प्रोटोकॉल) लावलंय का?

अंबडची_सर्व्हरवाली:
नाही दादा, साधं टीमिंग आहे.

गोदाकाठचा_केबलवाला:
मग वाचलात. स्टँडर्ड स्विचला एलएसीपी कळत नाही, तो असता तर एक अपलिंक काढून तुमचं काम झालं नसतं, आधी खालच्या फिजिकल स्विचवर जावं लागलं असतं.

रात्रपाळी_ऍडमिन:
अजून थोडं. व्हीसेंटर कोणत्या होस्टवर आहे हे आधी माहीत हवं, नाहीतर तिन्हीकडे लॉगिन करत शोधत बसाल. डीआरएसमध्ये (कोणती व्हीएम कोणत्या होस्टवर ते ठरवणारी सोय) नियम लावून पहिल्या होस्टवर ठेवा, पण ‘शूड’वाला (शक्यतो) नियम, ‘मस्ट’ (सक्तीचा) नको, एचए मस्ट पाळतं आणि तो होस्ट गेला तर व्हीसेंटर दुसरीकडे उठणारच नाही. स्विचमध्ये काही बदललं की कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट करून क्लस्टरच्या बाहेर ठेवायचं. डीएनएस (नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) पण याच क्लस्टरवर असेल ना, मग होस्टचे आयपी वहीत लिहा, खऱ्याखुऱ्या कागदाच्या वहीत. आणि एकदा मुद्दाम व्हीसेंटर बंद करून बघा.

अंबडची_सर्व्हरवाली:
अपडेट देते. शनिवारी प्लांटला सुट्टी असते तेव्हा केलं. इफेमेरल ग्रुप आधी बनवला, मग व्हीसेंटर बंद केलं आणि थेट पहिल्या होस्टवर लॉगिन करून एक टेस्ट व्हीएम त्या ग्रुपला जोडली, चालू केली, पिंग लगेच आलं. तीच स्टॅटिकवर जोडायला गेले तर नाही म्हणाला, म्हणजे तुम्ही सांगितलं तसंच. आधीपासून स्टॅटिकवर असलेली एक मशीन बंद करून चालू केली, ती विनातक्रार आली.

दुसरा होस्ट पण ओके. तिसऱ्यावर मात्र रूटने (होस्टच्या मुख्य ऍडमिन खात्याने) लॉगिनच होईना, पासवर्ड तीनदा वहीतून बघून टाकला. मग कळलं की मीच मागे कधीतरी सिक्युरिटीच्या चेकलिस्टप्रमाणे त्याच्यावर लॉकडाऊन मोड लावला होता, म्हणजे हा होस्ट फक्त व्हीसेंटरचं ऐकणार आणि व्हीसेंटर मीच बंद केलेलं. हात दाखवून अवलक्षण. नॉर्मल लॉकडाऊन होता म्हणून मॉनिटर-कीबोर्ड लावून समोरच्या पिवळ्या स्क्रीनवरून काढता आला. आता लॉकडाऊन परत लावायचाय, पण अपवाद यादीत एक वेगळा युजर टाकून. त्याला होस्टवर ऍडमिन रोल वेगळा द्यावा लागतो ना, की यादीत टाकला की पुरतं?

रात्रपाळी_ऍडमिन:
वेगळा द्यावा लागतो. यादी फक्त दार उघडं ठेवते, आत काय करता येईल ते रोलवर. आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या का, ते सांगा आधी.

अंबडची_सर्व्हरवाली:
कोटेशन साहेबांच्या टेबलावर आहे 😐