मदत हवी आहे: मीटर म्हणतो डायपोल, कान म्हणतात लूप

नमस्कार मंडळी,

पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झ) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे दोन्ही टोकं खाली उतरवलेला डायपोल अँटेना, लावला आहे. मधला बांबू पाण्याच्या टाकीला बांधलाय, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार. गेल्या महिन्यात फक्त ऐकण्यासाठी एक मीटर व्यासाचा लूप (कड्यासारखा अँटेना) बनवला, बुडाशी छोटा ॲम्प्लिफायर बसवून.

सकाळी ७ मेगाहर्ट्झवर कोल्हापूरकडचे एक आजोबा येतात. डायपोलवर ते सेटच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) एस ८ दिसतात, पण बोलायचे थांबले तरी काटा एस ७ वरच राहतो; लिफ्ट, एलईडी दिवे, सगळ्यांची खरखर. लूपवर ते एस ५ आणि थांबले की एस ३. मित्र म्हणतो, तीन युनिटं घालवलीस, लूप काढून टाक. पण डायपोलवर त्यांच्या कॉलसाइनची (परवान्यावरच्या ओळखचिन्हाची) शेवटची दोन अक्षरं मला परत विचारावी लागतात, लूपवर पहिल्या दमात लिहून होतात.

माझ्या मते नुसता सिग्नल बघून उपयोग नाही, खरखरीपेक्षा तो किती वर आहे ते बघायला हवं. एक एस युनिट ६ डेसिबलचं धरलं तर डायपोलवर ६ आणि लूपवर १२ डेसिबल. पण हा हिशोबच मला आता खरा वाटत नाही. एस ९ चा स्थिर सिग्नल धरून सेटवरचं २० डेसिबलचं ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक कमी करणारं बटण) दाबलं, तर काटा साडेपाचच्या आसपास थांबायला हवा होता. तो एस ४ वर आला! म्हणजे तिथे एक युनिट साधारण ४ डेसिबलचं. एस ३ ते एस ५ मध्ये त्याहूनही कमी असेल तर लूपचा फायदा कागदावर जवळजवळ संपतो. मग कानाला इतका फरक का वाटतो?

कानाचाही भरवसा नको म्हणून रविवारी मुलाला कोॲक्स स्विचपाशी बसवलं आणि मी मीटरकडे पाठ करून ऐकलं. सिग्नल सतत वरखाली होतो, म्हणून दर पाच-सात सेकंदांनी अँटेना बदलायला सांगितलं. वीसपैकी सोळा वेळा मला लूपच स्वच्छ वाटला. फक्त एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारा भाग) चालूच होता, आणि डायपोलवर दोन शब्दांच्या मधल्या फटीत तो खरखर वर उचलतो. कानाला तेवढंच खुपत असेल का?

मीटरचा खालचा भाग घरच्या घरी कसा तपासायचा? ६ डेसिबलचा पॅड (सिग्नल ठरावीक कमी करणारं छोटं सर्किट) रेझिस्टर जोडून केला तर चालेल का? आणि एजीसी बंद करून, आरएफ गेन (सेटची संवेदनशीलता) कमी करून ही चाचणी कुणी केली आहे का? प्रसारणासाठी डायपोलच राहणार, त्यामुळे लूप ठेवायचा तर पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबताच अँटेना बदलणारा रिले बॉक्स करावा लागेल. त्यात चूक झाली तर ॲम्प्लिफायर जळेल, म्हणून आधी खात्री करून घ्यायची आहे.

७३ (हॅम भाषेत शुभेच्छा)