ओबामाकेअर वाचलं, पण हा आठवडा पचत नाहीये

पारिजात (३० जुलै २०१७)

शुक्रवारी पहाटे दीडला मी जागीच होते. मुलगा मांडीवर झोपलेला, टीव्हीचा आवाज अगदी बारीक. ओबामाकेअर, म्हणजे ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा, रद्द करण्यासाठी आणलेल्या विधेयकावर सिनेटमध्ये मतदान चालू होतं. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन टेबलासमोर येऊन उभे राहिले. दोनच आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली, डाव्या डोळ्यावरची खूण स्पष्ट दिसत होती. त्यांनी हात पुढे केला, क्षणभर तसाच धरला आणि अंगठा खाली वळवला. डेमोक्रॅटिक बाकांवर टाळ्या सुरू होताहेत तोच त्यांचे नेते चक शूमरनी हातानेच सगळ्यांना थांबवलं. ४९ विरुद्ध ५१. रिपब्लिकन ५२ आहेत. त्यातल्या सुझन कॉलिन्स, लिसा मर्कोव्स्की आणि मॅकेन या तिघांनी विरोधात मत दिलं.

एवढ्या रात्री का जागले ते सांगते. माझ्या मुलाला जन्मापासून हृदयाचा दोष आहे. चौथ्या वाढदिवसाच्या आत दोन ऑपरेशनं झाली. पहिल्या ऑपरेशनचं बिल आलं तेव्हा त्यातली शून्यं मी बोट ठेवून मोजली होती. विमा नवऱ्याच्या कंपनीचा, म्हणून निभावलं. पण २०१० च्या या कायद्याआधी अशा विम्यांनाही आजीवन मर्यादा असायची, काही ठिकाणी १० लाख डॉलर. ती ओलांडली की पुढचं सगळं आपलं आपण. ओबामाकेअरने ती मर्यादा काढली आणि आधीपासूनचा आजार दाखवून विमा नाकारणंही बंद केलं. ४ मे रोजी हाउसने (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने) २१७ विरुद्ध २१३ मतांनी जे विधेयक मंजूर केलं, त्यात राज्यांना यातून पळवाटा होत्या. काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता की त्यामुळे २०२६ पर्यंत २ कोटी ३० लाख लोकांचा विमा जाईल. ते मंजूर झालं त्या दुपारी व्हाइट हाउसच्या बागेत जल्लोष झाला. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सिनेटरांच्या बैठकीत त्याच विधेयकाला निर्दयी म्हटल्याच्या बातम्या आल्या.

आणि हे परवाचं? आठ पानांचा मसुदा, गुरुवारी रात्री दहाच्या सुमारास बाहेर आला आणि तीन-साडेतीन तासांत मतदान. रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम दुपारी पत्रकारांसमोर म्हणाले की हे विधेयक म्हणजे फसवणूक आहे, हाउसने याचा कायदा करणार नाही अशी हमी दिली तरच मी मत देईन. हमी मिळाली, आणि मत दिलं. ज्याचा कायदा होऊ नये असं वाटतं त्याच्या बाजूने मत द्यायचं, तेही माझ्या मुलासारख्यांच्या औषधपाण्यावर, हे मला सहनच होत नाही.

या सगळ्यात राष्ट्राध्यक्ष काय करत होते? सोमवारी बॉय स्काउटच्या मुलांसमोर आरोग्यमंत्री टॉम प्राइस यांना म्हणाले, मतं मिळवली नाहीत तर नोकरीवरून काढीन. त्याच दिवशी स्वतःच्याच ॲटर्नी जनरलची ट्विटरवर नाचक्की केली. बुधवारी मर्कोव्स्कींचं नाव घेऊन त्यांनी देशाची निराशा केली असं लिहिलं. विधेयकात नेमकं काय आहे, ते कुणाच्या भल्याचं, याबद्दल एक धड वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

फिनिक्सकर

ताई, तुमच्या मुलाला उदंड आयुष्य लाभो, हे सगळ्यात आधी.

आता माझं ऐका. अंगठा ज्यांनी खाली केला ते माझ्या राज्याचे सिनेटर. माझं आणि बायकोचं हिशेबनिसीचं छोटं ऑफिस आहे. कंपनीचा विमा नाही, बाजारातून घ्यावा लागतो. २०१७ साठी ॲरिझोनात बेंचमार्क प्लॅनचा (ज्यावरून सबसिडी ठरते तो) प्रीमियम ११६ टक्क्यांनी वाढला. एकशे सोळा. आमच्या मॅरिकोपा काउंटीत एकच कंपनी उरली, म्हणजे निवड कसली? सरकारी सबसिडी दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंत. चार माणसांच्या घराला सबसिडीची ही रेषा ९७,२०० डॉलरला संपते. त्याच्या वर थोडं जरी कमावलं तरी दमडी मिळत नाही. आम्ही वर आहोत, थोडेसेच. महिन्याला १,४८० डॉलर भरतो आणि वर १२,००० चं डिडक्टिबल, म्हणजे तेवढं बिल आधी आपल्या खिशातून.

मार्चमध्ये मुलगी सायकलवरून पडली. मनगट सुजलं. एक्स-रेला किती लागतील म्हणून फोन केला तर कुणी धड आकडा सांगेना. डिडक्टिबल संपलेलं नाही म्हणजे बिल आमच्याच माथी. बायकोने क्रेप बँडेज बांधलं, म्हणाली दोन दिवस बघू. तिसऱ्या दिवशी नेलं तर हाड मोडलेलं. दोन दिवस ती पोर रात्री कण्हत होती आणि आम्ही दोघं विमाधारक आईबाप शेजारच्या खोलीत जागे होतो. विमा घेतला नाही तर दंड, माणशी ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाचा अडीच टक्के, जे जास्त असेल ते. घेतला तर हे असं.

सात वर्षं रिपब्लिकनांनी आम्हाला शब्द दिला. डिसेंबर २०१५ मध्ये हाच कायदा रद्द करण्याच्या बाजूने मॅकेन आणि मर्कोव्स्की दोघांनीही मत दिलं होतं, कारण ओबामा नकाराधिकार वापरणार हे ठाऊक होतं. मत खरं ठरायची वेळ आली तेव्हा तोंडाला पानं पुसली. याला लोक शौर्य म्हणतात, मी नाही म्हणणार.

रात्रपाळी

फिनिक्सकर, मी ओहायोत इमर्जन्सीत काम करतो. मनगटाची गोष्ट वाचून वाईट वाटलं, आणि अजिबात नवल वाटलं नाही. असे पेशंट रोज येतात. कार्ड खिशात असतं, पण उशीर करून आलेले असतात.

तरीही परवाच्या विधेयकाने तुमचं काय झालं असतं ते बघा. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे विम्याची सक्ती काढणं. सक्ती गेली की धडधाकट माणसं आधी बाहेर पडतात, आजारी तेवढी उरतात, आणि कंपनी उरलेल्यांवर दर चढवते. अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता की स्वतः विमा घेणाऱ्यांचे प्रीमियम सुमारे २० टक्क्यांनी वाढतील आणि १ कोटी ६० लाख लोक विम्याबाहेर जातील. म्हणजे तुमचे १,४८० झाले असते पावणेअठराशे. तुमच्या नावाने आणलेल्या विधेयकात तुमच्यासाठी काहीच नव्हतं.

आणि मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा. आमचे गव्हर्नर केसिक पक्के रिपब्लिकन, तरी त्यांनी २०१३ मध्ये ते वाढवून घेतलं. अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनातून बाहेर पडणारी कितीतरी तरुण मुलं आज त्याच कार्डावर उपचार घेताहेत. तुमच्या ॲरिझोनातही रिपब्लिकन जॅन ब्रूअरनीच ते केलं. या लोकांना डेमोक्रॅट्सचा पुळका नव्हता, त्यांच्या इस्पितळांचे हिशेब त्यांच्या समोर होते.

सह्यकडा

प्रत्येक धाग्यावर ट्रम्प यांचं ट्विट उगाळायचं आणि मुद्दा संपला म्हणायचं, हे पुरे झालं. तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील, असं ओबामांनी किती वेळा सांगितलं? २०१३ च्या शेवटी लाखो लोकांच्या हातात पॉलिसी रद्दची पत्रं पडली, त्यात माझ्या भावाचं होतं. गोड बोलून दिलेला खोटा शब्द चालतो आणि फाटक्या तोंडाचा माणूस चालत नाही, हा न्याय मला कळत नाही. माझं मत कायद्याला आणि न्यायाधीशांना होतं. सुप्रीम कोर्टात गॉर्सच आले. तोंडाकडे बघून मी मत देत नाही.

स्काउटबाबा

सह्यकडा, माझा तेरा वर्षांचा मुलगा वेस्ट व्हर्जिनियात त्या मेळाव्याला होता. वर्षभर पैसे साठवून, बॅज मिळवत गेला होता. भाषणात निवडणुकीचा निकाल, न्यूयॉर्कमधल्या कुठल्याशा पार्टीचा किस्सा, तिथल्या रिपब्लिकन सिनेटर कॅपिटो यांचं मत मिळवा म्हणून प्राइसना दम. आधीच्या राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख आला तेव्हा मुलांमधून हुर्यो उठली. मुलाने फोनवर विचारलं, बाबा, सगळे ओरडत होते म्हणून मीही ओरडलो, चुकलं का? मला त्याला काय सांगायचं तेच सुचेना. गुरुवारी स्काउटच्या प्रमुखांनी पालकांची माफी मागितली. भाषण ज्यांनी केलं त्यांनी नाही.

मीही नोव्हेंबरमध्ये त्यांनाच मत दिलं होतं, हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.

तात्या_एडिसन

नमस्कार मंडळी. मी ६८ वर्षांचा, ही ६६. साताऱ्याचं घर बंद करून आम्ही तीन वर्षांपूर्वी मुलाकडे ग्रीन कार्डावर आलो. इथे नोकरी केलेली नाही, त्यामुळे मेडिकेअर, म्हणजे ६५ पुढच्यांचा सरकारी विमा, फुकट मिळत नाही, आणि विकत घ्यायचं तरी पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. पूर्वी ६५ पुढच्या माणसाला खासगी कंपन्या दारात उभं करत नसत. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ २००८ साली याच कारणाने बायकोला घेऊन परत गेले. आम्हाला या कायद्यामुळे बाजारातून विमा मिळाला. हिला मधुमेह आहे, तो लपवावा लागला नाही.

कायद्यात म्हाताऱ्याकडून तरुणाच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही. हाउसच्या विधेयकात ती पाचपट होती. मुलगा म्हणाला, बघू काहीतरी. त्याचा चेहरा बघून आम्ही दोघांनी परत जायच्या तिकिटांचे भाव काढून ठेवले होते. शुक्रवारी सकाळी सूनबाईंनी चहा देताना सांगितलं की पडलं ते विधेयक. हिने देवापुढे साखर ठेवली.

फिनिक्सकर

तात्या, तुम्हाला त्रास व्हावा असं माझ्या मनातही नाही. पण तुमचा विमा टिकवायला मी दर महिन्याला जे भरतो त्याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्ससारख्या डेमोक्रॅटिक राज्याने रिपब्लिकन स्कॉट ब्राउनना सिनेटवर निवडून दिलं ते या कायद्याच्या विरोधात. तरी दोन महिन्यांत हाउसने २१९ विरुद्ध २१२ ने तो रेटला, एकाही रिपब्लिकन मताशिवाय. आता पद्धतीच्या नावाने गळा काढणारे तेव्हा कुठे होते?

वागण्याचं म्हणाल तर मलाही ते आवडत नाही. २०१५ मध्ये युद्धकैदी म्हणून मॅकेन यांची हेटाळणी केली तेव्हा मी बायकोसमोर टीव्ही बंद केला होता. पण वागणं वेगळं आणि माझा प्रीमियम वेगळा.

पारिजात

नाही हो, तिथेच माझं तुमच्याशी जमत नाही. वेगळे नाहीत ते.

आधी पद्धतीचं. २०१० बद्दल तुमची चीड मला समजते. पण २००९ चा उन्हाळा समित्यांच्या सुनावण्यांत गेला होता, सिनेटने डिसेंबरमध्ये ६० विरुद्ध ३९ ने मत दिलं तोवर लोकांना भांडायला महिने मिळाले होते. परवा समितीची एकही सुनावणी नव्हती. मॅकेन मंगळवारी बोलले तेही हेच, की समित्यांकडे परत जा, दोन्ही बाजूंनी बसा. त्यांनी २०१५ मध्ये सोपं मत दिलं, हे तुमचं म्हणणं मी मान्य करते. माणूस दर वेळी शूर नसतो.

आता प्रीमियम. कमी उत्पन्नाच्या लोकांचं डिडक्टिबल खाली ठेवण्यासाठी सरकार विमा कंपन्यांना पैसे देतं. काल, शनिवारी, राष्ट्राध्यक्षांनी लिहिलं की नवं विधेयक लवकर आलं नाही तर ही खैरात बंद. हप्ता येणार की नाही हे कंपन्यांना कळत नाही, आणि पुढच्या वर्षीचे दर त्यांना आत्ताच ठरवायचे आहेत. मग त्या काय करतात? धोका धरून दर लावतात. सबसिडीवाल्याची सबसिडी त्याबरोबर वाढते. वाढीव पैसे भरतो तो रेषेच्या जरासा वर असलेला माणूस. म्हणजे तुम्ही. त्या एका ट्विटचं बिल तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर येणार आहे. कायदा कोसळू दे, मग बोलू, असं त्यांनी शुक्रवारी मतदानानंतर लगेच लिहिलं. कोसळताना आत कोण असतं?

फिनिक्सकर

त्या पैशांना काँग्रेसची मंजुरीच नव्हती, असा निकाल कोर्टाने मे २०१६ मध्ये दिलाय. ओबामांनी मंजुरीशिवाय वाटले. नियमाने चालायचं तर ते थांबायलाच हवेत.

पण हो, दर ठरायच्या ऐन वेळी रोज धमकी देणं आणि ना देणं ना थांबवणं, याने नुकसान माझंच आहे, हे मान्य. हे मी काल रात्री कागदावर मांडून बघितलं. काँग्रेसने सरळ मंजुरी द्यावी, किंवा बंद करून लोकांना आधी सांगावं. यातलं काहीच होत नाहीये याचा मला संताप आहे, आणि मी माझ्या दोन्ही सिनेटरांच्या ऑफिसांना उद्या फोन करणार आहे. मॅकेननी विरोधात मत का दिलं ते विचारायला, आणि आता पुढे काय तेही.

रात्रपाळी

फिनिक्सकर, फोन कराच. आणि मुलीचं मनगट प्लास्टर निघाल्यावर ताठ राहिलंय का? थेरपी सुचवली असेल तर टाळू नका. घरी करायचे व्यायाम मी लिहून पाठवतो, त्याला पैसे लागत नाहीत.

फिनिक्सकर

थोडं ताठ आहे. पाठवा, उपकार होतील. १ नोव्हेंबरला नवे दर बघून इथेच आकडा टाकतो.

पारिजात

टाका नक्की. आणि तात्या, तुम्हीही मुलाला सांगून ठेवा: नोंदणीची मुदत यंदा ३१ जानेवारीपर्यंत नाहीये, १५ डिसेंबरलाच संपते.