प्रभावळकरांचं काम बघायला सुरुवात कुठून करू?

मालवणी_चेडू:
‘दशावतार’ सिनेमा बघून आल्यापासून दिलीप प्रभावळकर डोक्यातून जात नाहीयेत. आमच्याकडे जत्रेत रात्र रात्र जागून दहीकाला, म्हणजे दशावतारी नाटक, बघत मी मोठी झाले, त्यामुळे त्यांच्या बाबुली मेस्त्रीकडे जरा कडक नजरेनेच बघत होते. ऐंशी ओलांडलेल्या या माणसाने कुठे खोट काढायला जागाच ठेवली नाही. मी कॉलेजच्या एकांकिकांत काम करते. माझ्या वयाच्या मुलांना ते टिपऱ्यांचे आबा आणि तात्या विंचू एवढेच माहीत. नाटकं बघायची आमची संधी हुकली. काय बघू, कोणत्या क्रमाने? नुसतं ‘महान नट’ म्हणू नका, नेमकं कुठे लक्ष द्यायचं ते सांगा.

जुना_प्रेक्षक:
मुंबई दूरदर्शनचा ‘चिमणराव’! आमच्यासाठी तीच सुरुवात. चिं. वि. जोशींनी कागदावर लिहिलेला माणूस समोर चालायला लागला. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ शेजारी हवाच, दोघांना वेगळं काढताच येत नाही.

तिसरी_घंटा:
क्रमाने नको, जोड्या लावून बघ. मी सांगलीचा, वर्षानुवर्षं राज्य नाट्य स्पर्धेत काम केलंय, म्हणून नटाच्या बाजूने सांगतो.

पहिली जोडी ‘चौकट राजा’ (१९९१) आणि ‘नातीगोती’. सिनेमात ते नंदू, अंगाने वाढलेला पण मनाने लहान राहिलेला. त्याची आई सुलभा देशपांडे. जयवंत दळवींच्या नाटकात मात्र ते अशाच एका मुलाचे वडील, आणि तो मुलगा अतुल परचुरे. एकच दुःख एका नटाने दोन्ही बाजूंनी जगून दाखवलं. नंदूचं आधी अंग बोलतं, शब्द मागून येतात. तो प्रेक्षकांकडे दया मागत नाही, म्हणूनच काळजाला लागतो. ‘नातीगोती’त त्याच्या उलट, सगळं दाबून धरलेलं. मुलाकडे पाठ करून उभे असले तरी त्यांचे कान तिकडेच आहेत, हे भावे नाट्यमंदिरात मागच्या रांगेतून मला कळत होतं. प्रयोग आता बघायला मिळेल न मिळेल, दळवींची संहिता तरी वाच.

दुसरं, ‘हसवाफसवी’. लेखन त्यांचंच, भूमिका सहा. पुढे पुष्कर श्रोत्रीनेही हे नाटक केलं. लोक गेटअपवरच थांबतात. अरे, विग आणि मिशा रंगभूषाकार देतो, श्वास कुठे घ्यायचा हे नटालाच ठरवावं लागतं. त्यातले कृष्णराव हेरंबकर, जुने संगीत नट. ते बोलायला लागले की मघाशी खो खो हसणारं थिएटर गप्प व्हायचं. विंगेत कपडे बदलायला मिळतो तो वेळ किती थोडा असतो, हे ज्याने एकदा तरी घाईत उलटा सदरा घातलाय त्याला विचार. त्या घाईत मागच्या पात्राचा दमही विंगेतच टाकून यावं लागतं. माझ्या मते त्यांची खरी ताकद तिथे आहे.

तिसरी जोडी आबा टिपरे आणि गांधीजी. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ साली सुरू झाली तेव्हा ते साठीचेही नव्हते, आणि घराघरांतल्या लोकांनी त्यांना आजोबा मानलं. ती मालिका त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावरून आली, त्यामुळे आबांचं बोलणं पाठ केल्यासारखं वाटतच नाही. ‘लगे रहो मुन्नाभाई’त तर जगाला तोंडपाठ असलेला माणूस करायचा होता. त्यांनी आवाज खाली ठेवला आणि नक्कल टाळली. २००६ साठीचा साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’साठी मिळून दिला गेला.

पडद्यामागची_पमा:
बालनाट्य विसरलात! रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण प्रभावळकरांनीच केली होती. पोरांना घाबरवायचं, पण रडवायचं नाही, हे तिथे शिकायला मिळतं. ‘झपाटलेला’ (१९९३) बघताना मला नेहमी ती चेटकीण आठवते. बाहुला रामदास पाध्यांचा, पण त्या बाहुल्यात शिरलेला गुंड तात्या विंचू आधी यांनी इतका ठसठशीत उभा केलाय की पुढे लाकडी चेहऱ्यातही तोच दिसत राहतो. आणि मतकरींच्याच ‘आरण्यक’ नाटकात ते विदुर! दोन्ही एकाच माणसाची कामं आहेत हे पटायला वेळ लागतो.

मालवणी_चेडू:
मनापासून आभार. पमाताई, चेटकिणीचं माहीतच नव्हतं. घंटादादा, एक विचारू? येत्या एकांकिकेत मला सत्तरीची आजी करायची आहे. आवाज थरथरता ठेवला तर दिग्दर्शक म्हणतो खोटं वाटतंय.

तिसरी_घंटा:
बरोबर म्हणतोय तो. थरथर काढून टाक. उठताना हात आधी कुठे टेकायचा, तो हात कशासाठी राखून ठेवायचा, हे ठरव. आबांचे दोन-तीन भाग आवाज बंद करून बघ. बसायच्या आधी ते कुठे बघतात, काय चाचपतात, वहीत लिहून काढ. लुगडं आणि चपला तालमीला पहिल्या दिवसापासून घाल, रंगीत तालमीपर्यंत थांबू नकोस. प्रयोग कुठे, कधी आहे ते इथे टाक. कोल्हापूर केंद्रावर असेल तर मी येतो.