सोरायसिस : रात्रीच्या खाजेने झोपेचं खोबरं, उपाय सुचवा

वडिलांना (वय ५८) कोपरं, पाठ आणि डोक्यात सोरायसिस आहे. दिवसा खाज सोसते, पण दिवा मालवला की सुरू. कंगव्याने पाठ खाजवतात. सकाळी चादरीवर खवले आणि रक्ताचे ठिपके. मलम सकाळच्या आंघोळीनंतर लावतात. झोपेची गोळी सुरू करावी का?

प्रतिसाद १
गोळीचं नंतर, आधी खाज. ती रात्री खरोखरच वाढते: संध्याकाळनंतर त्वचा तापते, तिच्यातलं पाणी जास्त उडतं आणि सूज दाबणारं कॉर्टिसॉल हे शरीरातलं संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. म्हणून मलम रात्री लावलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने १० मिनिटं आंघोळ. कढत पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग खाज दुप्पट. अंग टिपून घ्या, घासू नका. चट्ट्यांवर मलम लावा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी रेघ (साधारण अर्धा ग्रॅम) बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. बाकीच्या अंगाला ३ मिनिटांच्या आत, ओल असतानाच पेट्रोलियम जेली. चट्ट्यांवर ती अर्ध्या तासाने. जेली मुरलेले कपडे, चादरी झटकन पेटतात. देवापुढचा दिवा, गॅस, विडी यांपासून जपा.

कंगवा मात्र आजच काढून घ्या. सोरायसिसमध्ये ओरखड्याच्या जागी नवा चट्टा उठू शकतो. खाज सुटली की गार पाण्यात पिळलेलं फडकं ५ मिनिटं दाबून धरायचं.

प्रतिसाद २
डोक्यातले खवले नखांनी उपटू नका. आधी तेलाने मऊ करा, मग डांबरयुक्त शाम्पू बाटलीवर लिहिलेला वेळ ठेवून धुवा. केसांना नव्हे, टाळूला लागला पाहिजे. भांग पाडत लावा.

प्रतिसाद ३
जाग नेमकी कशाने येते, तेही पाहा. पहाटे बोटं, टाच किंवा कंबर आखडते, मोकळी व्हायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत? मग सोरायसिसचा संधिवात असू शकतो. संधिवाततज्ज्ञांना लवकर दाखवा, सांध्यांची झीज भरून येत नाही. घोरतात का?

प्रश्नकर्ता
हो, खूप. मधेच श्वास अडकल्यासारखा होतो.

प्रतिसाद ३
मग झोपेची गोळी मनाने अजिबात देऊ नका; काही गोळ्यांनी श्वास आणखी अडकतो. डॉक्टरांना हे सांगून झोपेची तपासणी करून घ्या. गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळीही परस्पर नको. तिने सोरायसिसची खाज फारशी कमी होत नाही, आणि या वयात प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी तुंबू शकते.