अनुभव धागा : पुरुमेंत, पाऊस आणि पडवीतली विलायती गाडी

बांदोडा, फोंडा (धागा मीच काढतोय)

मे संपत आला की आमच्या घरात दोन कामे एकदम निघतात. आत आई आणि बायको पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, मिरच्या, सोलां, सुकी सुंगटां (कोळंबी) डब्यांत भरतात आणि बाहेर पडवीत मी फियाटचे मॅट काढून तळाचा पत्रा खरवडत बसतो. पावसाचे चार महिने निभावायला माणूस साठा करतो. गाडी त्याच चार महिन्यांत गुपचूप कुजते.

आमची ११०० डी, १९६४ ची. वडिलांनी १९७१ मध्ये जुनी घेतली. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. बनली कुर्ल्यात, म्हणजे जन्माने मुंबईकरच, पण आराखडा तुरिनचा आणि स्वभावही तिकडचा. सगळे जागच्या जागी असेल तर गाते, केसभर काही हलले की रुसते.

असली गाडी दारात असली की सल्ले दोनच मिळतात, ‘विकून टाक’ नाहीतर ‘जुनं ते सोनं’. दोन्ही ऐकून कान किटलेत. म्हणून इथे फक्त स्वतःच्या हाताने केलेले लिहा. जमले असेल ते थोडक्यात, फसले असेल ते सविस्तर.

माझे फसलेले हे. सॉलेक्स कार्बोरेटर पहिल्यांदा उघडला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. मेन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, कचरा अडकलेला दिसला. भावाच्या गिटारची तुटलेली तार हाताशी होती, ती आत घालून चांगली फिरवली. पितळ मऊ, तार पोलादाची. भोक मोठे झाले, पण ते डोळ्यांना दिसण्याइतके नाही. गाडी लिटरला तेरा किलोमीटर जायची ती आठवर आली, प्लग काजळीने काळे. मग मी पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, टायमिंग मागेपुढे केले, फ्लोट वाकवला. दोन महिने हेच. शेवटी कवळ्याच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने जेट उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून पाहिला आणि विचारले, “सुई की तार?”

जेट फुंकून साफ करतात, टोचून नाही. नवीन जेट अजून मिळालेला नाही.

साळगाव, बार्देस

मी लिहिते, कारण आमच्या घरात गाडीखाली जाणारी मीच. १९५९ ची फोक्सवॅगन बीटल, आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत मुरगाव बंदरात उतरवून घेतलेली. हटकून विचारतात, पोर्तुगीजांच्या वेळची गाडी आणि स्टिअरिंग उजवीकडे कसे? पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलली, पण गोव्याच्या सगळ्या जमिनीच्या सीमा ब्रिटिशांच्या अमलाखालच्या मुलखाला लागून, म्हणून इथे डावी बाजूच राहिली.

या गाडीला पेट्रोलचा काटाच नाही. पायाशी एक तोटी असते. पेट्रोल संपून गाडी गचके देऊ लागली की ती फिरवायची, मग राखीव पाचेक लिटर सुटते. टाकी भरल्यावर तोटी आठवणीने पुन्हा सरळ करायची. माझ्या धाकट्या दिराने ती केली नाही. मांडवी पुलाच्या ऐन मध्यावर, संध्याकाळी सहा वाजता, मी तोटी फिरवायला वाकले तर ती आधीच फिरलेली! मागच्या बसचा कंडक्टर खाली उतरून ढकलू लागला, तेही पुढून, कारण इंजिन मागे पाहून तीच गाडीची पुढची बाजू असे त्याला वाटले. तेव्हापासून बांबूची एक पट्टी खाचा पाडून ठेवली आहे. टाकीत बुडवायची आणि वाचायची.

बदल एकच मोठा केला, सहा व्होल्टचे बारा. सहा व्होल्टवर पावसात वायपर आणि हेडलाइट एकदम लावले की उजेड समईएवढा. डायनामो, रेग्युलेटर, कॉइल, बॅटरी, सगळे बल्ब बदलले. स्टार्टर जुनाच ठेवला. तो बारा व्होल्टवर जरा आवेशाने फिरतो, पण किल्ली जास्त वेळ धरली नाही तर चालते. दाराच्या खांबातून कानासारखे बाहेर येणारे, वळण दाखवणारे सेमाफोर काढवेनात, त्यांना रेझिस्टर घालून जिवंत ठेवले. पण मागच्या स्कूटरवाल्यांना ते काय आहे हेच कळत नाही. एकाने तर सिग्नलवर हात लावून आत ढकलला. म्हणून बंपरखाली पिवळे दिवे, पत्र्याला भोक न पाडता, क्लॅम्पवर.

आणि बीटलवाल्यांनो, पेट्रोलचा पाइप दर वर्षी बदला. तो इंजिनाच्या अगदी जवळून जातो. कापडी वेष्टणाचा जुना पाइप बाहेरून नवा दिसतो आणि आतून भुगा झालेला असतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते, जुन्या रबराला ते मुळीच मानवत नाही. त्यातून इथेनॉल हवेतले पाणी ओढते, त्यामुळे जूननंतर अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करू नये. इथेनॉल चालेल असे लिहिलेला पाइप मागून घ्या. अग्निशामक नळकांडे मी मागच्या सीटजवळ ठेवते.

मडगाव

काका कुवेतहून परतताना घेऊन आले ती मर्सिडीज २४० डी, डब्ल्यू १२३. बहात्तर घोड्यांची, त्यामुळे घाई असेल त्याने बसने जावे.

चुलतबहिणीच्या लग्नाला नवरी हिच्यातूनच हॉलवर आणली. मी किल्ली फिरवून काढली, खिशात टाकली, उतरलो. गाडी चालूच. किल्ली परत घातली, काढली. चालूच. वाजंत्री थांबली, भटजी बाहेर आले, पण आमची डिझेल टकटक काही थांबेना. काकी ओरडली, “बंद कर मरे ती!” मी कसली बंद करतो? शेवटी चौथ्या गिअरात घालून, ब्रेक दाबून, क्लच सोडून मारली.

कारण कळले तेव्हा हसावे की रडावे समजेना. या डिझेल इंजिनाला बंद करायला वीज लागत नाही, व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ लागते. किल्ली फिरली की पंपावरच्या एका डबीत व्हॅक्यूम जातो आणि डिझेल तोडतो. दारांचे सेंट्रल लॉकसुद्धा त्याच व्हॅक्यूमवर. मागच्या डाव्या दारातली रबरी नळी चाळीस वर्षांनी चिरलेली, तिथून सगळा जीव गळत होता. म्हणजे दार नीट लॉक होत नाही ही आमची जुनी तक्रार आणि इंजिन बंद होत नाही ही नवी, रोग एकच. मी एकेक नळी चिमटा लावून बंद करत गेलो, ज्या नळीला चिमटा लावल्यावर इंजिन थांबले ती गुन्हेगार. खर्च तीनशे रुपयांच्या आत.

आणि हो, इंजिनावर ‘स्टॉप’ लिहिलेली एक पट्टी असते. बॉनेट उघडून ती दाबली की इंजिन थांबते. लग्नाच्या दिवशी हे ठाऊक असते तर काकीच्या शिव्या वाचल्या असत्या.

पेडणे

मी माझी विकली. रोज सकाळी कावळ्याच्या आधी उठून धक्का मारायचो. आता झोपतो.

डिचोली

प्यूजो ३०९ डिझेल. कल्याणला बनत होती, १९९७ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. तेव्हा सगळे म्हणाले, आता हिचा पत्रा भंगारात. पण हिचे १५२७ सीसीचे इंजिन नंतर मारुतीच्या झेन डिझेलमध्ये आणि एस्टीममध्येही आले. त्यामुळे इंजिनाचे बरेच सामान झेनचे मागितले की मिळते. दुकानात प्यूजो हा शब्दच काढू नका, दुकानदार घाबरतो.

त्रास मागच्या चाकांचा. चाके वरून आत झुकायला लागली की समजायचे, मागच्या आडव्या बीममधले सुईसारखे बेअरिंग गेले. आमच्याकडे खाणीची लाल धूळ आणि वर पाऊस, सीलमधून चिखल आत गेला की लोखंड खलबत्त्यात घातल्यासारखे होते. बीम मी घरीच सोडवला, पण बेअरिंग बसवायला लेथवाल्याकडेच गेलो. सगळे घरीच करायचा हट्ट नको.

कुडचडे

वरच्या लोकांचे हसण्यासारखे आहे, माझे तसे नाही. तरी लिहितो.

मॉरिस मायनर, आजोबांची. हिचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या खोबणीत असतो. तेल ओतायचे झाकण सतरंजीखाली. तो बाहेर काढायचा तर खालून उताणे पडावे लागते, त्यात टॉर्शन बार (स्प्रिंगचे काम करणारी लांब सळई) बोल्टच्या आड येतो. कंटाळवाणे काम. मागच्या वर्षी मामेभावाने घाईत ब्रेक ऑइल म्हणून इंजिन ऑइल ओतले होते. रबराचे वायसर फुगले, पेडल दगडासारखे, चाके जाम. सगळे रबर बदलणे आले.

गाडी जॅकवर उचलली आणि खाली चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, लावले. आमच्याकडे घर, कुंपण, विहीर सगळे चिऱ्याचे, त्यामुळे चिरा म्हणजे भक्कम अशी समजूत. दोन चिरे एकावर एक, वर फळी. भाचा खाली गेला, मी वरून पाना देत होतो. आदल्या रात्री पहिला पाऊस पडून गेला होता, चिरे भिजलेले. कुरकुर असा बारीक आवाज आला, एवढेच. वरचा चिरा मधोमध फाटला आणि गाडी बसली.

भाच्याच्या छातीवर बसली नाही, कारण काढलेले पुढचे चाक त्याने सवयीने दाराखाली आडवे सारून ठेवले होते. ते त्याला कोणी शिकवले नव्हते, ठेवायला जागा नव्हती म्हणून ठेवले. गाडी त्या चाकावर टेकली. त्याच्या शर्टाचे वरचे बटण चेसीला लागून तुटले. तो बाहेर सरकत आला आणि म्हणाला, “मामा, पाना आतच राहिला.”

मी तीन दिवस जेवलो नाही. चौथ्या दिवशी लोखंडी स्टँड आणले, चार.

चिऱ्याचे भिंतीत चालते, कारण तिथे वजन सगळ्या दगडावर सारखे पसरते. गाडीचे वजन एका टोकावर येते आणि चिरा मुळात सच्छिद्र, ओला झाला की आणखी मऊ. काँक्रीटच्या ब्लॉकचेही तेच. नुसत्या जॅकवर तर कधीच नको.

बांदोडा (मीच)

कुडचडेकर बाब, हे वाचून उठलो आणि पडवीतले आमचे चिरे आधी बाहेर काढून टाकले. चार वर्षे मी त्यांच्यावरच काम करत होतो.

फोंडा शहर

माझी स्कोडा ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय, २००४ ची. तुमच्यापुढे तान्हे बाळ, पण वीस वर्षांची झाली म्हणून येतो.

फणसाखाली गाडी लावू नका, एवढाच माझा अनुभव. समोरच्या काचेखाली एक पन्हाळ असते, तिचे भोक पानांनी तुंबले की पाणी साचते आणि एसीच्या फिल्टरच्या खोक्यातून आत उतरते. मला कळले ते ऑगस्टमध्ये, डाव्या सीटखालच्या गालिच्यावर अळंबी उगवली तेव्हा. बायको म्हणाली, रोंयणीची (वारुळावरची) असती तर बाजारात चांगला भाव आला असता. गालिचा वरून कोरडा होता, खालचा फोम पिळला तर बादलीभर पाणी. सीटा काढून, फोम चवथीपर्यंत माळ्यावर वाळवला. आता दर रविवारी पन्हाळीत हात घालतो.

शिवाय कॉम्प्युटर जोडून ताकद वाढवून घेतली होती. पंधरा दिवस मजा, सोळाव्या दिवशी चोर्ला घाटात क्लच सरकला. इंजिन वाढवले, क्लच तोच ठेवला. दोष माझाच.

पणजी

बदल करणाऱ्यांसाठी रुक्ष पण कामाचे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचा. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे करायला मोकळीक फार थोडी आहे. रंग बदलला तरी आरसी बुकात नोंद हवी. पन्नास वर्षांवरच्या गाडीची नव्याने नोंदणी केली तर २०२१ च्या नियमाने ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, वीस हजार रुपयांत दहा वर्षे. पण मग ती मूळ स्वरूपातच हवी आणि रोजच्या वापराला काढता येत नाही. बीटलवाल्या ताईंनी पत्र्याला भोक पाडले नाही हे फार शहाणपणाचे केले. सहा व्होल्टचा डायनामोही गोणीत जपून ठेवा.

साळगाव

ठेवलाय. तांदळाच्या पिंपामागे. सासूबाई विचारतात हे भांडे कसले.

बांदोडा

काल रात्री पाऊस लागला. जेटचा प्रश्न तात्पुरता सुटला, मडगावकरांनी त्यांच्या शेजाऱ्याच्या पद्मिनीचा जुना कार्बोरेटर पाठवला, त्यातला जेट बसवला. तीन दिवसांत प्लग काळ्याचे तपकिरी झालेत. डॅशबोर्डखालून मात्र अजून थेंब पडतो, क्लचच्या बाजूला. वडिलांनी तिथे करवंटी ठेवली होती, मीही ठेवली आहे. काच बसवायचा रबर कोणी घरी बदलला असेल तर रबराच्या खाचेत घालतात ती दोरी आतून ओढायची की बाहेरून, तेवढे लिहा.