एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांना बालगृहात पाठवायचं की नाही?

पायवाट: "पहिल्या वर्षी बालगृह-निरीक्षणगृह (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचं गृह) नको, आधी सिद्धांत शिकवा, मगच व्यावसायिक ओळख पक्की होते," ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. मूल म्हणतं, "ताई, सांगते, पण कुणाला सांगू नका." विद्यार्थिनी भाबडेपणाने शब्द देते आणि पुढे येतं ते लैंगिक अत्याचाराचं. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं भागच आहे, न कळवणं कलम २१ खाली गुन्हा. म्हणजे शब्द मोडायचा. काय गुप्त ठेवता येणार नाही, हे पहिल्याच भेटीत मुलाला सांगायचं असतं. वर्गात हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. समोर मूल रडत असताना ते तोंडातून निघणं, तिथे ओळख घडते.

उंबरठा: आणि तोवर ज्या मुलाचा विश्वास मोडला, त्याचं काय? आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य, मध्ये परीक्षेची सुट्टी, मार्चमध्ये विद्यार्थी गायब. एकाच मुलाला चॉकलेट देतात, स्वतःचा मोबाइल नंबर देतात, बाकीची मुलं त्या मुलावर राग काढतात. आधीच सोडून दिलेली मुलं ही सरावाची जागा नाही.

पायवाट: निरोपाची तारीख पहिल्या दिवशीच सांगावी, शेवटचा महिनाभर दर भेटीत आठवण द्यावी. हे सुपरवायझरने करून घ्यायचं. बंदी कशाला?

कागदवाला: खरी ओळख बिघडते ती सामाजिक अन्वेषण अहवालात, म्हणजे मुलाच्या घरची-आजूबाजूची माहिती काढून परिविक्षा अधिकारी लिहितात त्यात. त्याचा ठरलेला नमुना ६ समोर ठेवून जुन्या फाइलमधून उतरवतात: "परिस्थिती हलाखीची, संगत वाईट." गृहभेट फोनवर. विद्यार्थी बघतो आणि तेच शिकतो.

जिल्हा_परिविक्षा: अहो, पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा, बाल न्याय मंडळापुढे उभं राहायचं, तालुक्याच्या टोकाच्या वस्तीवर जायचं, प्रवासभत्ता कधी मिळेल त्याचा पत्ता नाही. त्यात नोकरी कंत्राटी. दोन दिवस फिल्डला येणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

कागदवाला: कंत्राटाचा राग मुलाच्या फाइलवर का? बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खालचा आदेश देताना मंडळ हाच अहवाल बघतं. "वाईट संगत" म्हणजे कोण, कधीपासून, कुठे? आई काय म्हणाली, शेजारी काय म्हणाले, तुम्ही काय पाहिलं, हे तिन्ही वेगळं लिहा. शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि का, ते लिहा. एवढं न लिहिल्याने मुलावर शिक्का बसतो.

जिल्हा_परिविक्षा: तिन्ही वेगळं लिहिण्याचं मान्य. पण विद्यार्थ्याला गृहभेटीला एकटं पाठवून त्याचं लिखाण आमच्या सहीने पुढे सरकवणार असाल तर नाही. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि तुमच्याकडे रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्षेत्रकार्याच्या लेखी नोंदीत, मुलाचं नाव, गाव सगळं वर्गात फिरतं.

पायवाट: हे मात्र खरं आहे, नाइलाजाने मानते. रेकॉर्डिंगमधून नाव-पत्ता पहिल्या आठवड्यापासून काढलाच पाहिजे.

उंबरठा: मग माझंही ऐका. पाठवा, पण पहिले तीन महिने जोडीने, गटकार्यापुरतं. एकट्याने केस नंतर. आणि दर आठवड्याला तासभर आय.सी., म्हणजे सुपरवायझरसोबत एकट्याची चर्चा, झालीच पाहिजे.

पायवाट: जोडीचं पटतं, तीन महिने नाही. केस हाती यायला डिसेंबर उजाडला तर मार्चपर्यंत उरतं काय? सहा आठवडे पुरेत.

उंबरठा: सहा आठवड्यांत आय.सी. खरोखर सहा होणार असतील, तरच.